स्केल, फेराइट आणि वॅटचा हिशेब

जालना एमआयडीसीतल्या इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार ज्या कारणाने वितळते, नेमक्या त्याच कारणाने तिथला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर तापतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात गोल फिरणारे विद्युतप्रवाह उठतात. त्यांना एडी करंट म्हणतात. क्रुसिबलमध्ये हे प्रवाह हवेच असतात. त्यांच्याच उष्णतेने भंगार आणि स्पंज आयर्न 1600 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन पातळ होते. कॉइलमागच्या योकमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात, चोकमध्ये मात्र तेच प्रवाह म्हणजे वाया गेलेले युनिट. हवे तिथे ते जोपासायचे आणि नको तिथे मारायचे, यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत चुंबकीय पदार्थांचे मोठे शास्त्र उभे राहिले. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आणि आसपासच्या महाविद्यालयांत, या शास्त्राच्या एका शाखेवर वर्षानुवर्षे पीएचड्या होत आल्या आहेत. ती शाखा म्हणजे फेराइट : लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेले, उच्च वारंवारतेला कमी तापणारे चुंबकीय सिरॅमिक.

इकडे लोखंडाचे गाव, तिकडे लोहाच्या ऑक्साइडची प्रयोगशाळा. तरीही या दोघांत व्हायला हवे तेवढे बोलणे होत नाही. म्हणून इथे दोन बाजू बोलत्या केल्या आहेत. त्या कोणा विशिष्ट माणसांच्या नाहीत. एक भट्टीवरच्या फोरमनची दृष्टी आहे, दुसरी फेराइटवर काम करणाऱ्या प्राध्यापकाची. माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो : मराठवाड्यातल्या फेराइट संशोधनाने आपला कच्चा माल जालन्याच्या रोलिंग मिलमधून घ्यावा, आणि आपले यश वाया जाणाऱ्या वॅटमध्ये मोजावे. यावर जे आक्षेप येतात ते हलके नाहीत. ते पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय या म्हणण्याला वजन येणार नाही.

फोरमन : सर, राग मानू नका, पण तुमच्या फेराइटचा आमच्या भट्टीला उपयोग काय? आमची फ्रिक्वेन्सी काहीशे हर्ट्झ. भट्टी जितकी मोठी, तितकी फ्रिक्वेन्सी खाली. पाचशे हर्ट्झ धरा. कॉइलच्या मागं उभे आहेत ते योक सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्यांचे, एकेक पट्टी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, दोन पट्ट्यांत इन्सुलेशनचा थर. हे पोलाद दोन टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट होतं. तुमचं फेराइट अर्ध्या टेस्लालाच थांबतं, तेही थंड असताना. शंभर अंशाला ते चारशे मिलीटेस्लावर येतं, आणि दोनशेच्या पुढं कुठंतरी त्याचं चुंबकत्वच जातं. म्हणजे त्याच कामाला चार-पाचपट जाड योक लागणार, आणि तोही ठिसूळ. क्रेनचा एक धक्का लागला की तुकडे. आमचं दुखणं वेगळं आहे. पोलाद 1600 अंशाला न्यायला शास्त्राप्रमाणे टनाला चारशेच्या आत युनिट पुरतात. प्रत्यक्षात साडेपाचशे-सहाशे जातात. वरचे दीड-दोनशे कुठं जातात यावर कुणी पीएचडी करत असेल तर सांगा, पॅनेल उघडून दाखवतो.

प्राध्यापक : भाऊ, योक फेराइटचा करा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. वरच्या युनिटांचा मोठा वाटा कॉइलच्या तांब्यातच जातो, आणि बाकीचा लायनिंगमधून, उघड्या तोंडातून आणि पॅनेलमध्ये. तांब्याच्या नळीत पाचशे हर्ट्झचा प्रवाह जेमतेम तीन मिलिमीटर खोल वाहतो. नळी कितीही जाड घेतली तरी काम तेवढंच तांबं करतं. तुमच्या चार्जचंही तसंच. थंड भंगार चुंबकीय असतं, त्यात प्रवाह मिलिमीटरभरच शिरतो. 770 अंशांच्या वर लोखंडाचं चुंबकत्व गेलं की तोच प्रवाह दोन-अडीच सेंटीमीटर आत जातो. हे गणित शंभर वर्षांपूर्वीचं आहे, त्यावर नवी पीएचडी कशी द्यायची? आमचा प्रश्न पुढं सुरू होतो. क्षेत्र तेवढंच ठेवून फ्रिक्वेन्सी दहापट केली की पट्टीतलं एडी करंटचं नुकसान शंभरपट होतं. मग पट्टी पातळ करा. पण लाखभर हर्ट्झला सिलिकॉन स्टीलमध्ये क्षेत्र दहा-वीस मायक्रॉनच आत जातं. इतकी पातळ पट्टी रोल करून, इन्सुलेट करून, रचून कोणाला परवडेल? तिथं पट्टीची युक्ती संपते आणि पदार्थच बदलावा लागतो.

पदार्थ बदलण्याची ही गोष्ट जाणून घेण्याजोगी आहे. 1930 साली तोक्योत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी ऑक्साइडचे चुंबकीय पदार्थ तयार केले. त्यांच्या शोधाचे उत्पादन करण्यासाठी 1935 मध्ये टीडीके ही कंपनी निघाली. हॉलंडमध्ये आइंदहोवनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी मँगनीज-झिंक आणि निकेल-झिंक फेराइट कामाच्या पातळीवर आणले. ही चुंबके नेमकी कशी चालतात याचा उलगडा फ्रान्सच्या लुई नील यांनी 1948 मध्ये केला आणि 1970 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सगळ्याचे मर्म विद्युतरोधकतेत आहे. लोखंडाची रोधकता सुमारे एका ओहम-मीटरचा कोटीवा हिस्सा, मँगनीज-झिंक फेराइटची एक ते दहा, आणि निकेल-झिंक फेराइटची दहा हजारांच्याही वर. एडी करंटला वाहायला वाटच उरत नाही. म्हणून मोबाइलच्या चार्जरपासून सौर इन्व्हर्टरपर्यंत सगळीकडे फेराइट बसले. फोरमन ज्या पॅनेलसमोर उभा राहतो त्यातही ते आहे : थायरिस्टरच्या गेटला ठोका देणाऱ्या पल्स ट्रान्सफॉर्मरचा गाभा बहुधा फेराइटचाच असतो. ते पेरूएवढेही नसलेले ट्रान्सफॉर्मर बिघडले की थायरिस्टर वेळेवर फायर होत नाही, आणि अख्खी हीट, म्हणजे एका वेळचे वितळण, खोळंबते.

फोरमन : हे मान्य. पण मग तुमच्या पोरांचं काम बघतो तेव्हा कळत नाही. बाटलीतलं शुद्ध फेरिक नायट्रेट, निकेल नायट्रेट, त्यात सायट्रिक ॲसिड, ते पेटवून पावडर, पावडरची दहा मिलिमीटरची गोळी, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट, आणि एलसीआर मीटर. आलेख दरवेळी तोच : कमी फ्रिक्वेन्सीला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट आभाळाला, पुढं घसरत घसरत सपाट. थोडं कोबाल्ट कमी, थोडं जस्त जास्त, की नवा पेपर. चुंबकाचा अभ्यास म्हणायचा आणि मोजायचं कपॅसिटरसारखं!

हा आक्षेप झोंबणारा आहे, पण त्याला प्राध्यापकाचे उत्तर तितकेच भक्कम आहे, आणि ते सहसा दिले जात नाही म्हणून इथे सविस्तर द्यावेसे वाटते.

प्राध्यापक : त्या घसरणाऱ्या आलेखाचा अर्थ कूप्स यांनी 1951 मध्ये निकेल-झिंक फेराइटवरच लावला. फेराइटची गोळी म्हणजे विजेला बऱ्यापैकी वाट देणारे कण, आणि प्रत्येक कणाभोवती वीज अडवणारी पातळ सीमा. कणाच्या आत इलेक्ट्रॉन दोन प्रकारच्या लोह आयनांमध्ये उड्या मारत सरकतो आणि सीमेपाशी अडकून साठतो. क्षेत्र सावकाश बदललं तर साठायला वेळ मिळतो, म्हणून कॉन्स्टंट प्रचंड दिसतो. वेगानं बदललं तर तो वेळच मिळत नाही. म्हणजे तो आलेख सीमेची तब्येत सांगतो, आणि उच्च वारंवारतेला फेराइट तापणार की नाही हे सीमेवरच ठरतं. दुसरी गोष्ट याहून ठोस आहे. हवेत 1 मेगाहर्ट्झची लहर 300 मीटर लांब असते. मँगनीज-झिंक फेराइटची पारगम्यता 2000 आणि डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट एक लाख धरा. त्या पदार्थात तीच लहर दोन सेंटीमीटरच्या आसपास आखूड होते. म्हणजे सेंटीमीटरभर जाडीच्या गाभ्यात अर्धी लहर मावली! मग गाभा आतल्या आत अनुनादात येतो, पारगम्यता कोसळते आणि नुकसान उसळतं. हा परिणाम 1950 मध्येच मोठ्या गाभ्यांत दिसला होता. आता सांगा, कपॅसिटरसारखं मोजणं वाया गेलं का?

वाया गेले नाही. कोणताही मोठा गाभा आखणाऱ्याला ते मोजमाप लागतेच. पण इथेच प्राध्यापकाच्या बाजूची मर्यादाही उघडी पडते. एलसीआर मीटर नमुन्याला एखाद्या व्होल्टाच्या आसपासचा सौम्य इशारा देतो आणि त्याचे उत्तर टिपतो. प्रत्यक्ष गाभा असा सौम्य जगत नाही. पॉवर फेराइटचा व्यवहार ज्या आकड्यावर चालतो तो असा : 100 किलोहर्ट्झ, 200 मिलीटेस्ला, 100 अंश सेल्सिअस या परिस्थितीत घनसेंटीमीटरमागे किती मिलीवॅट उष्णता. चांगल्या प्रतीच्या मालात हा आकडा तीनशे ते चारशेच्या आसपास असतो. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी 1892 मध्येच दाखवले होते की लोखंडातले हिस्टेरिसिसचे नुकसान क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, क्षेत्राच्या 1.6 व्या घातात वाढते. फेराइटमध्ये हा घात अडीचच्या जवळ जातो. क्षेत्र दुप्पट केले की उष्णता पाच-सहापट. सौम्य इशाऱ्यावरून हे कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी गोळीऐवजी कडे दाबावे लागते, त्यावर दोन वेटोळी घालावी लागतात, पॉवर ॲम्प्लिफायरने ते खरोखर हलवावे लागते आणि बी-एच लूपचे क्षेत्रफळ काढावे लागते. तेही एकदा खोलीच्या तापमानाला आणि एकदा शंभर अंशाला, कारण चांगला पॉवर फेराइट मुद्दाम असा घडवतात की त्याचे नुकसान कामाच्या तापमानालाच सर्वांत कमी व्हावे. हे उपकरण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपएवढे महाग नाही. ते प्रत्येक फेराइट प्रयोगशाळेत हवे, आणि ज्या प्रबंधाच्या सारांशात हा आकडा नाही त्याने आपला पदार्थ उच्च वारंवारतेच्या उपकरणांना उपयुक्त आहे असे वाक्य लिहू नये. माझे मत याबाबत पक्के आहे.

आता कच्च्या मालाकडे. बिलेट तापवताना आणि लाल कांब रोलमधून जाताना तिच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, पाण्याच्या फवाऱ्याने सुटतो आणि खाली पिटमध्ये जमतो. ती मिल स्केल. काळसर, चपट्या पापडीसारखी, हातात घेतली तर अपेक्षेपेक्षा जड. चुंबक नेला की चिकटते. तिच्यात आतून बाहेर असे लोहाचे तीन ऑक्साइड थरांनी असतात आणि वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास निव्वळ लोह असते. आणि फेराइट म्हणजे तरी काय? मँगनीज-झिंक फेराइटच्या वजनात सुमारे सत्तर टक्के फेरिक ऑक्साइड. लाउडस्पीकर आणि छोट्या मोटारींत लागणाऱ्या स्ट्रॉन्शियम फेराइटच्या कायम चुंबकात तर नव्वद टक्के. सळयांच्या गावात जो पदार्थ रोज पिटमध्ये साचतो, त्याच जातीचा पदार्थ प्रयोगशाळा बाटलीतून महाग विकत घेते.

फोरमन : स्केल आम्ही फेकत नाही सर, विकतो. आणि ती स्वच्छ कुठं असते? रोलचं तेल लागलेलं, पिटची माती मिसळलेली. पोलादातलं सिलिकॉन, मँगनीज तिच्यात उतरलेलं. आज एका भंगाराची हीट, उद्या दुसऱ्याची. तुमच्या बाटलीवर नव्याण्णव टक्के छापलेलं असतं, आमच्या स्केलवर काय छापणार?

प्राध्यापक : भाऊंचा मुद्दा खरा आहे. सिलिका हा सॉफ्ट, म्हणजे गाभ्यांत लागणाऱ्या, फेराइटचा शत्रू. उत्तम प्रतीच्या ऑक्साइडमध्ये ती दहा हजारांत एका भागाच्या आसपास ठेवावी लागते. जास्त झाली की भट्टीत काही कण बेसुमार फुगतात, त्यांच्या पोटात छिद्रं अडकतात आणि सगळा माल बिघडतो. आमच्या विद्यार्थ्याच्या हाती तीन-चार वर्षं असतात. त्यानं शुद्ध नायट्रेट सोडून चिखलातून सुरुवात केली तर मोजमापात काय दिसतंय ते पदार्थाचं की घाणीचं, हे सांगायचं कसं?

या आक्षेपात अर्धे सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच संशोधनाचा विषय दडला आहे. जी सिलिका जास्त झाल्याने फेराइट बिघडते, तीच अत्यल्प प्रमाणात कॅल्शियमच्या जोडीने मुद्दाम घालतात. ती दोन्ही मिळून कणांच्या सीमेवर काचेसारखा पातळ थर धरतात, सीमेची रोधकता वाढवतात आणि उच्च वारंवारतेचे नुकसान खाली आणतात. मँगनीज तर मँगनीज-झिंक फेराइटचा घटकच आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या भंगारातले जस्त धुराबरोबर उडते, तेही फिल्टरच्या धुळीत लोहाशी संयोग पावून झिंक फेराइट होते. त्या धुळीत शिसेही असू शकते, म्हणून तिला हात घालताना काळजी हवी. तेव्हा प्रश्न शुद्ध की अशुद्ध एवढा ढोबळ नाही. कोणती अशुद्धी, किती, आणि ती कणाच्या पोटात बसते की सीमेवर, हा खरा प्रश्न आहे. कूप्सच्या आलेखाला इथे खरे काम मिळते. सीमेची तब्येत सांगणारे तेच मोजमाप आता निकेलचे प्रमाण दशांशाने हलवण्याऐवजी या स्केलची सीमा कुठे बिघडते आणि कुठे सुधारते हे सांगेल.

शिवाय पोलादाच्या टाकाऊतून फेराइट करायचे यात नवल काहीच नाही. जगात सॉफ्ट फेराइटला लागणारा बराचसा ऑक्साइड पोलाद कारखान्यांतूनच येतो. कोल्ड रोलिंगपूर्वी पत्रा हायड्रोक्लोरिक आम्लात धुतात. ते लोहाने भरलेले आम्ल शुद्ध करून तप्त मनोऱ्यात फवारले की आम्ल परत मिळते आणि तळाला लाल ऑक्साइडची पूड पडते. जालन्याच्या सळईच्या मिलमध्ये पत्रा धुण्याचा हा टप्पाच नाही, त्यामुळे ती पूड आयती मिळत नाही. स्केल आम्लात विरघळवून, सिलिका बसवून, पुन्हा भाजून तो टप्पा मुद्दाम उभा करावा लागेल. पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यात आम्लाचा धंदा उघडायचा का, हा आक्षेप मला फोरमनच्या आक्षेपाहून गंभीर वाटतो. आम्ल बंद चक्रात फिरले पाहिजे, एक थेंबही नाल्यात जाता कामा नये. ते जमत नसेल तर हा मार्ग सोडलेला बरा. पण जमते की नाही हे तपासायला रसायन अभियंते लांबून आणावे लागणार नाहीत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा आवार 2018 पासून जालन्यातच आहे. आणि जी स्केल सॉफ्ट फेराइटच्या कसोटीला उतरणार नाही तिला स्ट्रॉन्शियम फेराइटची वाट मोकळी आहे; तिथे शुद्धतेची अट सैल असते. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदाधातूंच्या चुंबकांवर निर्यात निर्बंध घातले तेव्हा भारतातले वाहन कारखाने अडचणीत आले. फेराइटचे चुंबक ताकदीने त्यांतल्या निओडायमियम चुंबकाच्या दहाव्या हिश्श्याचे, त्यामुळे सगळीकडे ते पर्याय ठरणार नाही. पण जिथे जागा आहे तिथे लोहाच्या ऑक्साइडचे चुंबक पुरते.

फोरमन : मग आमच्याच धंद्यात फेराइट खपेल अशी एक जागा दाखवा. तरच मालक ऐकतील.

प्राध्यापक : पाइपच्या मिलमध्ये जाऊन बघा. पट्टी गोल वळवून तिच्या कडा काहीशे किलोहर्ट्झच्या प्रवाहानं तापवतात आणि दाबून जोडतात. तो प्रवाह पाइपच्या आतल्या पृष्ठभागानं फिरून वाया जाऊ नये म्हणून पाइपच्या पोटात फेराइटच्या कांड्या ठेवतात, पाण्यानं थंड करत. त्याला इम्पीडर म्हणतात. त्या कांड्या क्षेत्रानं सॅच्युरेट होतात, तापतात, तडकतात आणि बदलाव्या लागतात. इम्पीडर खराब झाला की त्याच वेल्डला जास्त वीज लागते, लाइनचा वेग कमी करावा लागतो.

इम्पीडरच्या या उदाहरणाने दोन्ही बाजू एका जागी येतात, आणि म्हणून मला ते सर्वांत निर्णायक वाटते. इथे फेराइट पोलाद उद्योगातला रोजचा खपाऊ माल आहे. इथे उंच सॅच्युरेशन लागते, उंच क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व जाते ते) लागते, उच्च वारंवारतेला कमी नुकसान लागते, आणि माल बरा की वाईट हे विजेच्या मीटरवर त्याच दिवशी दिसते. चिनी माल स्वस्त असताना आपला कोण घेईल, असा शेवटचा आक्षेप उरतो. चार्जरच्या गाभ्यांच्या बाजारात तो आज खराच आहे; तिथे चीनच्या प्रचंड उत्पादनाशी स्पर्धा करण्याचे स्वप्न प्रयोगशाळेने पाहू नये. पण मिलच्या पाइपच्या मापाप्रमाणे बनवलेली, दोन दिवसांत बदलून मिळणारी, कुठे आणि का तडकली हे सांगता येणारी कांडी हा वेगळा माल आहे. तिचा दर्जा ठरवायला ग्राहक आणि संशोधक एकाच जागी उभे राहावे लागतात, आणि महाराष्ट्रातल्या पाइप मिल संशोधकांच्या आवाक्यात आहेत. मूलभूत संशोधनाचे स्वातंत्र्य यातून जाते असे मला वाटत नाही. नील यांचा सिद्धान्तही कोणीतरी खऱ्या फेराइटची मोजमापे समोर ठेवली होती म्हणूनच पारखला गेला.

तेव्हा दोघांकडेही मागणे आहे. जालन्यातल्या रोलिंग मिलच्या मालकांनी आपल्या स्केलचे रासायनिक विश्लेषण वर्षभर, महिन्यागणिक करून घ्यावे आणि ते संशोधकांना खुले करावे. त्याचा खर्च मिलच्या वीजबिलापुढे किरकोळ आहे. आणि विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी पुढच्या फेराइट विषयाची नोंदणी करताना विद्यार्थ्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : नमुन्यांचा निदान एक संच जालन्याच्या स्केलपासून होईल, आणि प्रबंधात 100 किलोहर्ट्झ, 200 मिलीटेस्ला, 100 अंशाला घनसेंटीमीटरमागे किती मिलीवॅट गेले तो आकडा असेल, चांगला असो वा वाईट.